बाळंतपणाची गाडी

अक्काला सातव्या महिन्यात माहेरी आणलं आणि त्याच आठवड्यात आप्पांनी गाडी आणली. पांढरी, सेकंडहँड, मागच्या काचेवर आधीच्या मालकाच्या पोरांची नावं खरवडून काढल्याच्या खुणा. तोवर आमच्या घरचं वाहन म्हणजे आप्पांची सायकल. कळंब्याच्या रस्त्याला आमचं जनावरांच्या सरकी पेंडीचं दुकान होतं, दुकानामागं घर, आणि दोन्हींच्या मधल्या एवढ्याशा अंगणात ती गाडी अशी काही ठाण मांडून बसली, की न्हाणीकडं जायचं तर तिला वळसा घालून, पोट आत ओढून जावं लागायचं. अक्काला तर ते शक्यच नव्हतं. तिच्या अंघोळीचं पाणी आम्ही मागच्या दाराला नेऊन ठेवायचो. सगळ्या घराला पेंडीचा तेलकट वास, तसा दोन दिवसांत गाडीलाही लागला. आप्पांनी पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही गाडी बाळंतपणाची हाय. बाजाराला न्हाय, लग्नाला न्हाय, कुणाच्या पावण्याला स्टँडवर सोडायला न्हाय. इचारायचंच न्हाय."

त्याला कारण होतं. अक्का माझी थोरली बहीण, तिचं सासर गगनबावड्याच्या पलीकडं घाटात. पहिल्या खेपेला तिला कळा सुरू झाल्या तेव्हा गावातली एकुलती एक जीप वऱ्हाड घेऊन गेलेली. जीप परत येईपर्यंत दुपारची संध्याकाळ झाली. मूल वाटेतच गेलं. मुलगा होता. ह्या गोष्टीवर आमच्या घरात कुणी चकार शब्द काढत नसे. अक्का आली तेव्हा अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला पाटावर बसवलं, ताकातली आंबील दिली आणि ती पीत असताना तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. अव्वाचं माहेर निपाणीकडचं. एरवी मराठीत बोलायची, पण लाड करायचे असले किंवा जीव घाबरा झाला, की कानडीत शिरायची. त्या दिवसांत ती बरीचशी कानडीतच होती.

आमच्यात लिंगपूजा रोजचीच. पहाटे अव्वाची अंघोळ व्हायची, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, डाव्या तळहातावर लिंग, आणि स्वयंपाकघरात चुलीवर पाणी खदखदत असायचं तेवढाच काय तो आवाज. सोमवार मात्र मोठा. सोमवारी तिचा उपास, आम्हाला भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, तीही तिनं उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. गाडी आली तो दिवस सोमवारच होता. तेव्हा सगळेच करतात तशी पूजा झाली: हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. आपल्याकडं नवी सुई आणली तरी तिला हळदकुंकू लावतात. पण पुढच्या सोमवारी उपास सोडायच्या आधी अव्वा पुन्हा तांब्या घेऊन अंगणात आली. त्याच्या पुढच्याही. बॉनेटच्या वरच्या कडेला, काचेच्या अगदी खाली, ती भस्माच्या तीन रेघा ओढायची. ते तिच्या मते गाडीचं कपाळ. आणि त्या कपाळावर नारळाचं पाणी सावकाश, धार न तोडता ओतायची. "शिवाचा नंदी हाय ह्यो," म्हणायची, "माझ्या लेकीला सुखरूप न्हिऊ दे." तांब्या धरायला, नारळ फोडून द्यायला मी. मी म्हणजे गिरजा, एकोणीस वर्षांची, विद्युत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, वर्गातली एकटी मुलगी आणि नाकावर राग.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आप्पांनी किल्ली फिरवली आणि गाडी नुसती टक् म्हणाली. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. आप्पांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांच्याकडं बघवेना. शेजारचे बंडूकाका धावून आले. ते जेलमध्ये शिपाई, पाळीवरून आले की खाकी पँट आणि वर बनियन ह्याच वेशात गल्लीचा कारभार बघायचे. चौघांनी मिळून ढकलली, गाडी सुरू झाली, पेढे वाटावेत असा आनंद झाला, आणि दोन दिवसांनी पुन्हा टक्. दत्तू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीवर हातोडीच्या दांड्यानं दोनदा वाजवलं आणि म्हणाला, "बॅटरी बसलीया, मालक. नवीन टाका." नवीन टाकली. आठवडा बरा गेला. मग नवीनसुद्धा उतरली. तेव्हा दत्तू म्हणाला डायनॅमो. डायनॅमो काढला, आतली तार नव्यानं भरून घेतली, बसवला. पुन्हा टक्. मग तो म्हणाला, "काय काय गाड्यांचा सभावच आसतुया."

स्वभाव! अजूनही कुणी असं बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आज भाच्याच्या गाडीत बॅटरी किती उरलीय ते फोनवर दिसतं, आणि तरी तो मला विचारतो, "मावशी, आज गाडी मूडमध्ये न्हाय का गं?" अरे, मूड माणसाला असतो. वायरीला नसतो. बॅटरी उतरते म्हणजे करंट कुठंतरी जातोय, आणि जातोय तर त्याला वाट आहे, आणि वाट आहे तर ती सापडते. एवढं साधं गणित मी त्या वेळी सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होते. आणि सगळी गल्ली मला "व्हय व्हय, बरोबर हाय पोरी" म्हणून दत्तूकडं बघत होती.

त्यात आप्पांची एक खोड. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते गाडी एकदा सुरू करून बघायचे. सुरू झाली, की "हाय, हाय, जित्ती हाय" म्हणून लगेच बंद. मी सांगून दमले, की आप्पा, चालू करताना बॅटरी सगळ्यात जास्त खर्च होते, ती भरून यायला गाडी तासभर तरी चालवा, रंकाळ्यापर्यंत एक फेरी मारून या. आप्पा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "गिरजे, मी रंकाळ्यावर आसताना हिला कळा आल्या म्हंजी?" अक्का उंबऱ्यात पाय पसरून बसलेली असायची, पायांवर सूज, आणि रोज सकाळी ती किल्लीच्या आवाजाकडं कान लावून असायची. गाडी सुरू झाली, की तिचे खांदे खाली यायचे. नाही झाली, की ती उठून आत जायची. मला त्या सगळ्यात ते खांदे दिसायचे. दिवस भरत आले होते आणि गाडीचा भरवसा नव्हता. दुसऱ्याची गाडी सांगून ठेवू म्हटलं तर आप्पा "दुसऱ्याची" ह्या शब्दालाच घाबरायचे.

शेवटी मी ठरवलं, की मीच शोधणार. साधी रीत आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि ती वायर व बॅटरी ह्यांच्यामध्ये एक लहान बल्ब जोडायचा. गाडी बंद असताना बल्ब पेटला, तर करंट चोरीला जातोय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. जो काढल्यावर बल्ब विझेल, चोर त्या घरात. माझी सुट्टी रविवारची, म्हणून रविवारी सकाळी मी पाना घेऊन बॉनेटखाली शिरले. गल्ली जमली. एक मुलगी गाडी खोलतेय म्हटल्यावर ज्यांना दात घासायचे होते तेसुद्धा ब्रश तोंडात धरून आले. बल्ब जोडला आणि लख्ख पेटला! "घावलं, घावलं!" बंडूकाका ओरडले. ओरडले कुठून? गाडीच्या आतून. दार उघडं टाकून ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि डोक्यावर छताचा दिवा चालू. "काका, उतरा आणि दार लावा," मी दात ओठ खात म्हटलं. ते उतरले, दार लावलं. बल्ब विझला. अगदी ठार. म्हणजे चोरीच नव्हती.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी बल्बची तार लालसर झाल्यासारखी वाटली, पण ऊन डोळ्यांवर होतं, खात्री देता येईना. आणि मधल्या वारी मंगळवार, नाहीतर बुधवार उजाडला, की गाडी हमखास टक्. मला वेड लागायची पाळी आली. रविवारी शहाण्यासारखं वागायचं आणि मी कॉलेजला गेले की मरायचं! दत्तू मिस्त्री पेंड न्यायला यायचा आणि जाता जाता विचारायचा, "काय इंजिनेरबाई, घावला का चोर?" आणि स्वतःच हसायचा. मी रात्री अभ्यासाच्या वहीत मागच्या पानावर वार लिहून ठेवायला लागले. गाडी मेलेले वार. ते पान समोर असून मला दिसलं नाही, ह्याचा राग मला आजही स्वतःवर येतो. कारण त्या प्रत्येक वाराच्या आधी माझी स्वतःची सोमवार सकाळ होती, आणि ती माझ्या दृष्टीनं गाडीच्या कामात मोडतच नव्हती. तो देवाचा भाग होता.

मग एका सोमवारी कॉलेजला कसलीशी सुट्टी आली. सकाळी मी नेहमीसारखा नारळ फोडून दिला, अव्वानं गाडीच्या कपाळावर धार धरली, मी तांब्या आत नेऊन ठेवला. दहाच्या सुमाराला बल्ब जोडला. दारं बंद, बंडूकाका दहा फूट लांब, मी स्वतः उभे केलेले. बल्बची तार लाल झाली. अंगठ्याची सावली धरून बघितली. लालच. एक फ्यूज काढला, बल्ब तसाच. दुसरा, तिसरा. सगळे काढले, सगळे माझ्या ओढणीत गोळा केले, तरी बल्ब तसाच! दत्तू त्या वेळी दुकानात होता, तो मान वाकडी करून आला. "समदं काढलं तरी पेटतोय? आता गाडीच काढा अंगणातनं." लोक खो खो हसले. मी डायनॅमोची वायर सोडली. तसाच. स्टार्टरची सोडली. तसाच. मग फ्यूजच्या डब्यात येणारी जाड वायर सोडली, आणि बल्ब विझला.

म्हणजे फ्यूजच्या पुढं कुठं नाही, तर खुद्द डब्यातच. तो डबा काचेच्या खालच्या जाळीच्या बरोबर खाली बसवलेला होता. दोन स्क्रू काढून मी तो उलटा केला आणि हातावरून मुंग्या धावल्या. लाल, बारीक, शेकड्यानं. डब्याच्या बुडाला पांढरट हिरवं, चिकट काहीतरी साचलेलं, आणि वरून अजून ओलं. नाकाजवळ नेलं. आंबलेला नारळ. पाणी जाळीतून थेट डब्यावर ठिबकत होतं आणि त्या ओलीतून करंट एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जात होता. दोन-तीन दिवसांत वाळलं की थांबत होता. रविवारपर्यंत तर ठणठणीत.

इथं मी थांबायला हवं होतं. डबा आत न्यायचा, अव्वाला चुलीपाशी गाठून हळूच सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण गल्ली हसली होती, दत्तू हसला होता, आणि मला जिंकायचं होतं, तेही सगळ्यांच्या देखत. मी डबा हातात उंच धरला आणि ओरडले, "अव्वा! भाईर ये, बघ तुझ्या नारळानं काय करून ठेवलंय!" ती हात पुसत आली. "दोन म्हैनं आम्ही डोकं फोडून घेतोय, गाडी कोण मारतंय, कोण मारतंय. आणि तू दर सोमवारी उठून हिच्या बोडक्यावर पाणी ओततीयास! उद्या अक्काला कळा आल्या आणि गाडी हलली न्हाय, तर ह्या खेपंला बोल कुणाला लावणार हाईस? तुझ्याच हातानं झालं आसतं की!"

कुणीच हसलं नाही. बंडूकाकांनी तोंड फिरवलं. अक्का मागच्या दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. अव्वा डब्याकडं बघत राहिली, मुंग्या बघितल्या, मग आपले दोन्ही तळहात बघितले. "इरली बिडव्वा," म्हणाली, असू दे गं, सोड. ते मला म्हणाली, की स्वतःला, कोण जाणे. आणि आत गेली. आप्पा वळून दुकानात गेले. मला बोलले असते तर बरं झालं असतं. दत्तू मात्र म्हणाला, "मानलं बाई तुला," आणि मला, देवा, त्याचा आनंद झाला.

डबा मी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं आणि जुन्या ब्रशनं घासला, दोन दिवस उन्हात वाळवला, टोकांना ग्रीस लावलं, वर रबराचं झाकण बसवलं. बल्ब पुन्हा पेटला नाही. कोणत्याच वारी. पुढं तीस वर्षं मी पोरांना वीज शिकवली आणि दर वर्षी हा किस्सा सांगितला. सोमवार, बल्ब, मुंग्या. पोरं टाळ्या वाजवायची. मुंग्यांच्या पुढचं मी कधी सांगितलं नाही.

पुढचं असं, की अव्वानं गाडीला हात लावायचं सोडलं. रुसवा नव्हता, माझ्याशी पहिल्यासारखीच बोलायची, ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा तसाच पडायचा. पण अंगणातून जाताना ती गाडीपासून पदर सावरून, भिंतीला घासून जायची. धुण्याची दोरी तिनं स्वतः सोडून दुसरीकडं बांधली, थेंब नको पडायला म्हणून. सोमवारी तिचं लिंग आणि ती, दार लोटून. मला दिसत होतं. मला वाटलं, होईल नीट, बाळ आलं की विसरेल. आणि खरं सांगायचं तर माफी मागायची म्हणजे माझं चुकलं म्हणायचं, आणि माझं तर बरोबर निघालं होतं. एकोणिसाव्या वर्षी बरोबर निघणं फार मोठं वाटतं.

अक्काला कळा सुरू झाल्या त्या सकाळी, न्याहारीच्या वेळेला. आप्पांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अक्काला मी मागं बसवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि हाक मारली, "अव्वा, चल की!" अव्वा उंबऱ्यात उभी होती. कपड्यांची पिशवी तिनं बंडूकाकांच्या हातात दिली, त्यांनी ती माझ्याकडं दिली. "तुमी व्हा पुढं," ती म्हणाली, "मी येतो मागनं." आमच्याकडं बाया मी येतो, मी जातो असंच म्हणतात. अक्का ओरडली, "अव्वा गं, तू चल!" अव्वानं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि मान हलवली. आप्पांनी गाडी काढली. अक्कानं वाटेभर माझा हात आवळून धरला होता, आणि तो हात कुणाचा हवा होता ते मला कळत होतं.

मुलगी झाली. अकराच्या सुमाराला, रडकी, सुखरूप. आप्पा जिन्यात बसून रडले. अव्वाचा पत्ता नव्हता. ती आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कळंब्यापासून दवाखान्यापर्यंत चालत. पायांवर धूळ, चेहरा लालबुंद, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. "बस न्हवती व्हय गं?" आप्पांनी विचारलं. "व्हती की," ती म्हणाली. एवढंच. मी पुढं झाले, सांगणार होते मुलगी झाली, अक्का बरी आहे, सगळं सांगणार होते. पण तिनं आधी माझा दंड धरला आणि विचारलं, "गिरजे, गाडी सुरू झालती न्हवं? लगीच?"

"व्हय अव्वा," मी म्हटलं, "लगीच." मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं, की अव्वा, तुझ्या हातात काही वाईट नव्हतं गं, दोष नुसता त्या जाळीचा होता. मी तिला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी आप्पा तिला घरी न्यायला निघाले. आप्पा आत बसले, आणि ती बाहेर उभी. मी धावत जाऊन दार उघडलं. हात पदरात तसेच ठेवून ती बसली, आणि मी दार लावलं. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. आमच्या घरात गाड्या आल्या, गेल्या, जावयांच्या, नातवंडांच्या. अव्वानं गाडीचं दार स्वतः कधी उघडलं नाही. कुणी उघडेपर्यंत शांत उभी राहायची. नातवंडं लाडानं चिडवायची, "आज्जीचा थाट बघा, राणीसरकारला दार उघडून द्यावं लागतंय!" सगळे हसायचे. तीही हसायची. मी आधी उतरायचे आणि दार उघडायचे.